एकशे एकोणऐंशी पाने

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी मंडईतून मेथीच्या दोन जुड्या घेऊन बाहेर पडत होतो. कादंबरीची शेवटची मुद्रिते तयार झाली होती, अक्षरजुळणी नीट उतरली होती, मुखपृष्ठही ठरले होते. फक्त पाने एकशे एकोणऐंशी भरत होती आणि ती एकशे शहात्तर व्हायला हवी होती. "तीन पानं कमी करा, म्हणजे अकरा फॉर्ममध्ये बसतंय," असे सांगून आणि सोमवारपर्यंतची मुदत देऊन त्यांनी फोन ठेवला. मेथी निवडताना काड्या कुठपर्यंत ठेवायच्या हे घरात जितक्या सहजपणे ठरते, तितक्याच सहजपणे ते बोलले होते.

छपाईशी ज्यांचा संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी हा हिशेब सांगायला हवा. पुस्तक छापखान्यात एकेका पानाने छापले जात नाही. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पाने छापतात, त्या कागदाला तीन घड्या घालतात आणि कडा कापल्या की सोळा पानांचा एक संच हाती येतो; त्यालाच फॉर्म म्हणतात. अकरा फॉर्म म्हणजे १७६ पाने. त्यावर तीन पाने वाढली की निदान अर्धा फॉर्म जास्तीचा लावावा लागतो, म्हणजे कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च आठ पानांचा आणि त्यांतली पाच पाने कोरी. प्रकाशकांची अडचण खरी होती. माझे पहिले पुस्तक निघाले तेव्हा अकराशे प्रती छापल्या होत्या आणि त्या संपायला आठ वर्षे लागली. हे पुस्तक पाचशे प्रतींचे आहे. किंमत दोनशे ऐंशी रुपये आणि माझे मानधन दहा टक्के, म्हणजे शेवटची प्रत विकली गेली त्या दिवशी माझ्या नावावर एकूण चौदा हजार रुपये जमा झालेले असतील. चार वर्षांच्या कामाचे. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. प्रकाशकांच्या हातात यातून काय उरते तेही मला ठाऊक आहे, आणि ते ऐकल्यावर माझ्या तोंडून तक्रार निघत नाही.

मला लागले ते त्यांचे दुसरे वाक्य. फोन ठेवण्यापूर्वी ते सहज म्हणाले होते, "कापायचंच आहे तर सुरुवातीचं बघा. जरा हळू आहे. लोकांना आता पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी घडायला लागतं." पानांचे मोजमाप मिनिटांत केलेले मी पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हणजे माझी स्पर्धा आता दुसऱ्या कादंबरीशी राहिलेली नाही, ती मोबाइलवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणाऱ्या चित्रांशी आहे, हे त्यांनी मला हळुवारपणे कळवले होते. मी मेथी घेऊन घरी आलो आणि दोन दिवस मुद्रितांना हात लावला नाही. शुक्रवारी रात्री बायको म्हणाली, "त्या पुस्तकांच्या गावाला जाऊन ये एकदा. ती तीन पानं तिथंच सोड आणि ये."

शनिवारी सकाळी स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी पकडली. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत माझ्या मांडीवरची मुद्रिते उघडी होती आणि मी एकही ओळ वाचली नव्हती, कारण माझ्या शेजारी बसलेला तरुण कोणते तरी मराठी विनोदी प्रहसन पाहत होता आणि कानातले यंत्र न लावता पाहत होता. सुरुवातीला मी कपाळाला आठ्या घातल्या. सुरूर फाट्याला गाडी वाईकडे वळली तोवर मी त्याच्या पडद्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागलो होतो आणि वाई येईपर्यंत आम्ही दोघेही हसत होतो. माझी मुद्रिते तशीच उघडी होती.

वाईच्या स्थानकात गाडी दहा मिनिटे थांबते. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले आणि जिथल्या कचेरीत तयार झालेला त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर आला, त्याच गावाचे घाट गेली कित्येक वर्षे हिंदी चित्रपटांना बिहार आणि उत्तर प्रदेश म्हणून भाड्याने मिळत आले आहेत. वाईकरांना यात काही विसंगत वाटत नाही. गाडी पुढे निघाली की पसरणीचा घाट लागतो, आणि घाटाला नाव देणारे ते पसरणी म्हणजे शाहीर साबळे यांचे गाव. ज्ञानकोश आणि मुक्तनाट्य यांच्यामध्ये या भागात फक्त काही किलोमीटरांचे अंतर आहे. आपण पुण्यात मात्र या दोहोंमध्ये भिंत बांधून बसलो आहोत, असे मला घाटाच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर वाटून गेले. पण मग मला अप्पा बळवंत चौक आठवला आणि ते मत मी मागे घेतले.

हा चौक पुस्तकांचा म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिथे आता प्रामुख्याने पाठ्यपुस्तके, गाइड आणि स्पर्धापरीक्षांचे ठोकळे मिळतात, एका दुकानात मी कादंबरी मागितली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता "कितवीची?" असे विचारले होते. पण त्या चौकातून पाच मिनिटांत चालत जाता येईल अशा दोन जागा आहेत. एक आनंदाश्रम. संस्कृत हस्तलिखिते जपणारी आणि संस्कृत ग्रंथ छापणारी ही संस्था १८८८ साली महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केली आणि तिची व्यवस्था अनेक वर्षे त्यांचे पुतणे हरि नारायण आपटे यांनी पाहिली. दुसरी जागा म्हणजे १९३४ साली सुरू झालेले आणि पुणेकरांच्या तीन-चार पिढ्यांनी 'प्रभात' याच नावाने ओळखलेले चित्रपटगृह. पोथ्या, पाठ्यपुस्तके आणि सिनेमा एकाच हाकेच्या अंतरात. लहानपणी वडिलांबरोबर वह्या घ्यायला गेलो की ते मला परतताना प्रभातच्या बाहेर लावलेली चित्रे दाखवत. आत नेत नसत, पण दाखवत.

हरिभाऊंचे मला कौतुक वाटते ते आणखी एका कारणासाठी. एका हाताने संस्कृत ग्रंथांचा छापखाना चालवणाऱ्या या माणसाने १८९० साली जे साप्ताहिक काढले त्याचे नाव त्यांनी 'करमणूक' असे ठेवले. प्रबोधन नाही, चिंतन नाही, चक्क करमणूक. 'पण लक्षात कोण घेतो' ही बालविधवांच्या आणि घरात कोंडलेल्या बायकांच्या हालांची कादंबरी याच करमणुकीच्या अंकांतून हप्त्याहप्त्याने वाचकांच्या घरी गेली. पुढच्या आठवड्यात यमूचे काय होणार याची वाट पाहत बसलेले वाचक आणि रात्री साडेआठच्या मालिकेची वाट पाहणारी आजची घरे यांच्यात उत्सुकतेच्या जातीचा तरी फरक मला दिसत नाही. पुढे काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तीही ज्या मासिकातून केली त्याचे नाव 'मनोरंजन'. ज्या दिवाळी अंकांना आपण आज मराठी साहित्याचे वैभव म्हणतो आणि ज्यांच्या किमती वाढल्या म्हणून दर वर्षी हळहळतो, त्यांच्या जन्मदाखल्यावर मनोरंजन असे लिहिलेले आहे. आमच्या पिढीतल्या लेखकांना मात्र आपल्या पुस्तकाला कुणी 'करमणूक झाली' असे म्हटले तर अपमान झाल्यासारखे वाटते. मलाही वाटतो. एका परिचितांनी माझ्या मागच्या पुस्तकाबद्दल तसे पत्र पाठवले होते, त्याला मी उत्तर दिले नाही.

पाचगणीला उतरलो, जीप केली आणि दुपारी भिलारला पोहोचलो. राज्य मराठी विकास संस्थेने ४ मे २०१७ पासून या गावाचे 'पुस्तकांचे गाव' केले. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वे या गावावरून घेतलेली आहे, पण दोहोंत एक मोठा फरक आहे. तिकडचे गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर उभे राहिले. इकडे पुस्तके विकत नाहीत. पंचवीस घरांत, देवळांत आणि शाळेत कपाटे लावून पुस्तके वाटून ठेवण्यापासून सुरुवात झाली; एका घरात कविता, एकात इतिहास, एकात बालवाङ्मय, आणि ज्याला जे हवे त्याने तिथे बसून ते वाचावे. भिंतींवर त्या त्या विषयाची चित्रे रंगवली आहेत. येणाऱ्या मंडळींपैकी बरीचशी त्या भिंतींपुढे उभी राहून छायाचित्रे काढतात, स्ट्रॉबेरीचे दोन डबे घेतात आणि पाचगणीला जेवायला जातात. मी त्यांना नावे ठेवणार नाही, कारण गावात शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटे मीही तेच केले.

त्यानंतर मी जे केले ते सांगायला जास्त संकोच वाटतो. मी कादंबऱ्यांचे घर शोधून काढले आणि कपाटात माझे पहिले पुस्तक आहे का ते पाहिले. अगदी सहज चाळतो आहे असा आव आणून एक कप्पा, मग दुसरा, मग गुडघे टेकून सर्वांत खालचा. पुस्तक नव्हते. पण खाली बसल्यामुळे एक गोष्ट नीट दिसली. पुस्तक वाचले गेले आहे की नाही हे त्याच्या पाठीवरून कळते. न वाचलेल्या पुस्तकाची पाठ सपाट आणि ताठ असते. वाचलेल्या पुस्तकाच्या पाठीवर उभ्या सुरकुत्या पडतात आणि मधल्या एखाद्या फॉर्मची शिवण सैल होऊन तो किंचित पुढे डोकावू लागतो. त्या कपाटात पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्यांच्या पाठी, दोन-तीन सोडल्या तर, दुकानातून आणल्या तशा होत्या. रहस्यकथांच्या पाठी मात्र पार मोडल्या होत्या; एकीला कुणीतरी पाकिटांना लावायची तपकिरी चिकटपट्टी लावली होती, तीही पुन्हा सुटली होती, आणि पुठ्ठ्यावर ओल्या पेल्याचे गोल डाग होते. मला माझ्या पुस्तकाची अनुपस्थिती सोसण्यासारखी वाटू लागली. ते तिथे असते आणि त्याची पाठ ताठ असती, तर काय केले असते?

मी उतरलो होतो त्या घरी चरित्रे आणि आत्मचरित्रे होती. पुढच्या खोलीत कपाटे, त्यांच्याशेजारी दूरदर्शन संच, आणि भिंतीलगत स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या डब्यांची छतापर्यंत गेलेली रास. जानेवारीचा शेवट असल्यामुळे फळाचा हंगाम भरात होता. घरातली मुलगा-सून शेतावर आणि बाजारात, त्यामुळे पाहुण्यांची व्यवस्था सत्तरीच्या पुढच्या आजी पाहत होत्या. संध्याकाळी थंडी वाढली तसा मी खोलीतून उठून त्या पुढच्या खोलीत येऊन बसलो आणि लाल पेन घेऊन मुद्रिते उघडली. सात वाजता आजींनी मालिका लावली.

पहिल्या जाहिरातींच्या वेळी त्यांनी आवाज बंद केला आणि विचारले, "काय तपासताय? पेपर हायत का पोरांचे?" मी म्हटले, कादंबरी आहे, माझीच आहे, अजून छापायची आहे. "मग वाचा की थोडी," त्या म्हणाल्या. माझी कादंबरी सदाशिव पेठेतल्या एका बाइंडरकडे फॉर्मना घड्या घालण्याचे काम करणाऱ्या बाईची आहे. नवरा गेल्यावर ती या कामाला लागते, आणि जी पुस्तके तिच्या हाताखालून घडी होऊन जातात त्यांतले एकेक पान तिच्या नजरेस पडत जाते, पण पानांचा क्रम तिला कधी लागत नाही, कारण न दुमडलेल्या कागदावर पहिल्या पानाच्या शेजारी सोळावे पान असते. मी सुरुवातीपासून वाचू लागलो. जाहिरातींच्या एका विश्रांतीत, हळू वाचले तर, दीड पान होते. मालिका सुरू झाली तशी आजींनी माझे वाक्य अर्ध्यावर असतानाच आवाज वाढवला आणि त्या तिकडे वळल्या. मला अपमानित व्हायलाही सवड मिळाली नाही.

दुसऱ्या विश्रांतीत त्यांनी स्वतःहून आवाज बंद केला. "हं, पुढं? त्या बाईला कामावर घेतली का?" मी वाचत गेलो. कामावर घेतले. हाडाच्या पट्टीने घडी दाबून दाबून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला. तिथे आजींनी मला थांबवले.

"घड्यांचं पैसं नगावर का रोजावर?"

मी म्हटले, नगावर. शेकड्याचा भाव असतो.

"किती?"

मला सांगता येईना. चार वर्षांत मी बाइंडरच्या कारखान्यात कितीतरी दुपारी बसलो होतो, सरसाचा वास कसा येतो ते लिहिले होते, शिलाईच्या यंत्राचा ठेका लिहिला होता, पण त्या बाईच्या दिवसाच्या शेवटी तिच्या हातात किती पैसे पडतात ते कादंबरीत कुठेही नव्हते. आजींनी राशीकडे बोट दाखवले. "आमच्याकडं डबं भरायला बाया येत्यात. त्यांला पहिलं ते ठरवावं लागतं. मग काम."

तिसऱ्या विश्रांतीत माझे सर्वांत आवडते प्रकरण आले. बाई पहिल्यांदा पगार घेऊन घरी निघते आणि वाटेत पेठेचे, वाड्यांचे, त्यांतल्या एकेका जुन्या छापखान्याचे वर्णन येते. त्यासाठी मी दोन आठवडे ग्रंथालयात बसलो होतो. कुठल्या वाड्यात कोणते नियतकालिक छापले जात होते, खिळे जुळवणारे लोक कोणत्या गल्लीत राहत, पावसात कागद कसा फुगत असे, हे सगळे मी त्यात ओतले होते, आणि त्यातली वाक्ये, खरे सांगायचे तर, मला तोंडपाठ होती. मी अर्धे पान वाचले असेल. आजी उठल्या. "वाचा तुम्ही, दूध बघून येते," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी आवाज चढवून वाचत राहिलो. दूध उतू जाण्याइतका वेळ उलटून गेला. त्या परत आल्या तेव्हा मी अजून दुसऱ्याच वाड्यात होतो, त्यांनी काय राहिले ते विचारले नाही, दूरदर्शनच्या पडद्याकडे पाहिले, जाहिराती अजून चालूच आहेत हे पाहून त्या म्हणाल्या, "पोचली का घरी?"

"नाही अजून," मी म्हटले.

"लांब हाय का घर?"

मी पाने मोजली. ती बाई बाइंडरच्या दारातून निघून स्वतःच्या जिन्यापाशी पोहोचायला सव्वातीन पाने लागत होती. सदाशिव पेठेतल्या सदाशिव पेठेत.

रात्री झोप लागेना तेव्हा मी त्या सव्वातीन पानांवर लाल रेघ मारली, मग ती रेघ खोडली, मग त्याखाली ठिपके दिले, म्हणजे मुद्रितशोधकांच्या भाषेत 'आहे तसेच राहू द्या'. प्रकाशक सुरुवात हळू आहे म्हणाले होते, पण सुरुवात आजींना कुठेही हळू वाटली नव्हती. बाईला काम मिळते की नाही यात त्यांचा जीव गुंतला होता, आणि घड्या घालण्यासारखे संथ काम मी पानभर वर्णन केले ते त्यांनी मालिकेइतकेच लक्ष देऊन ऐकले होते. त्या उठल्या त्या ठिकाणी बाई कथेतून निघून गेली होती आणि मी, ग्रंथालयातून आणलेल्या टिपणांसह, तिच्या जागी चालू लागलो होतो. पहाटे शेताकडे जाणाऱ्या बायकांचा आवाज आला तेव्हा मी दिवा लावला आणि पुन्हा रेघ मारली. सव्वातीन पानांतून मी चार ओळी ठेवल्या, कारण पावसात फुगलेला कागद टाकवेना, आणि वर एक नवी ओळ घातली: शेकड्याचा भाव आणि पहिल्या आठवड्याची रक्कम. तो भाव अर्थात माझ्याकडे नव्हता. त्या जागी मी एक रिकामी चौकट काढली.

निघताना मी आजींना म्हटले की पुस्तक छापून आले की एक प्रत तुमच्याकडे पाठवीन, या कपाटात ठेवा. त्यांनी कपाटाकडे पाहून मान हलवली. "आमच्याकडं खऱ्या माणसांची ठिवत्यात. तुमची बाई मनातली. मनातल्यांचं घर खालच्या अंगाला हाय, तिकडं द्या." पत्ता मला माहीत होता. आदल्या दुपारी मी तिथे गुडघे टेकून आलो होतो.

परतीच्या गाडीत मी बाइंडरला फोन लावला. रविवार असल्यामुळे ते घरी होते; त्यांनी कादंबरीच्या काळातला भाव आठवून सांगितला आणि लेखकाला हे कशाला हवे असे विचारले. मी चौकट भरली. स्वारगेटला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. सोमवारी सकाळी मुद्रिते प्रकाशकांच्या कचेरीत देऊन आलो आणि पाने मोजून एकशे शहात्तर भरतात, शेवटच्या पानावर सहा ओळींची जागाही उरते, असे अभिमानाने सांगितले. दुपारी त्यांचा निरोप आला. "उत्तम जमलंय. आता दोन पानांचं मनोगत तेवढं पाठवा."